मिरगाच्या किड्यामागे: नागपूर, रामटेक अन् परत इतवारी

शुक्रवार

मृग लागून आठवडा झाला तरी नागपुरात पावसाचा पत्ता नव्हता. ढग यायचे, गदगदायचं, कूलर लावला की अंग चिपचिप अन् बंद केला की घाम, असं चालू होतं. त्यात भाची सुट्टीत आमच्याकडे आलेली, बी.एस्सी. झूलॉजीवाली, ती रोज सकाळी उठून आधी मोबाईलवर पावसाचं रडार बघायची अन् मग दात घासायची. तिला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मृगाचा किडा पाहिजे होता. पकडून आणायला नाही, बघायला, फोटो काढायला, कुठे निघतो कुठे नाही ते वहीत लिहून घ्यायला.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लालभडक, अंगभर मऊ दाट केस, शर्टाच्या बटणाएवढा, पहिल्या पावसानंतर जमिनीवर हळूहळू चालताना दिसतो. आमच्याकडे मिरगाचा किडा, हिंदीवाले बीरबहूटी म्हणतात, जुन्या पोथ्यांत इंद्रगोप. किडा म्हणायचं पण कीटक नाही हा, पाय मोजून बघा, आठ निघतील. कोळी, विंचू, गोचीड यांच्या खानदानातला, म्हणजे माइट. शास्त्रीय नाव ट्रॉम्बिडियम ग्रँडिसिमम. बाकीचे माइट बहुतेक डोळ्याला दिसत पण नाहीत, गादीतल्या धुळीत वगैरे असतात ते, त्यांच्यात हा म्हणजे पैलवानच.

प्लॅन असा ठरला की शनिवारी शहरातच बघायचं, अन् कुठे चांगला पाऊस झाला तर आत्याच्या गावी जायचं, रामटेकच्या पुढे. बायको म्हणाली, किड्यासाठी पेट्रोल जाळून राह्यले तुम्ही दोघं, जा. तिने मस्त डबा पण करून दिला, ते वेगळं.

शनिवार

पहाटे चारला पत्र्यावर टपटप ऐकू आलं अन् भाचीने मला उठवलंच. साडेपाचला सेमिनरी हिल्सवर. मॉर्निंग वॉकवाले बघून राहिले की हे मामा-भाची जमिनीकडे पाहून काय शोधतात, एकाने विचारलं पण, अंगठी हरवली का? म्हटलं नाही काका, मृगाचा किडा. ते थांबले, मग त्यांचे दोन मित्र थांबले, मग दहा मिनिटं तिघांनी मिळून सांगितलं की पहिले कसे ढीगभर निघायचे, काडीपेटीत भरून ठेवायचो, हिरवा पाला टाकायचो खायला. (तो पाला खातच नाही हो! शुद्ध मांसाहारी आहे, त्या काडीपेटीत उपाशी मरायचे सगळे.) आता काहून दिसत नाही कोण जाणे, असं म्हणून काका लोक पुढे गेले.

मग रामनगरला तर्री पोहा खाल्ला, अंबाझरीच्या मागच्या अंगाला फिरलो, गोरेवाड्याकडे गेलो. काहीच नाही. शहराबद्दल जास्त लिहिण्यासारखं पण नाही, जिथे मोकळी जमीन होती तिथे पेव्हर ब्लॉक बसवलेत किंवा लॉन लावलंय, अन् जिथे दोन्ही नाही तिथे मलबा आणून टाकलाय.

भाचीचं म्हणणं पडलं की असा शिडकावा झाला त्याने काही होत नाही, माती आतपर्यंत ओली व्हायला पाहिजे. ह्यावर तिने गाडीतच मला एक क्लास दिला. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात याचा एक चुलतभाऊ आहे, डायनोथ्रॉम्बियम नावाचा, त्याच्यावर टेव्हिस आणि न्यूवेल ह्या दोघांनी अभ्यास केला अन् १९६२ मध्ये छापला. तो माइट वर्षभर वाळूत खाली बसून राहतो अन् चांगला पाऊस झाला की वर येतो, काही तासांसाठी फक्त. का, तर त्याच वेळेस वाळवीचे पंखवाले थवे उडतात, खाली पडतात, पंख गाळतात, हे लोक ते पकडून खातात, जोडी जमवतात अन् परत खाली. वर्षभराचं जेवण अन् लग्न सगळं एका सकाळी उरकायचं.

आपला देशी त्याच्यापेक्षा थोडा निवांत आहे, पहिल्या दोनतीन दमदार पावसांनंतर काही दिवस दिसतो, तोही सकाळच्या वेळेस. पण हिशोब तोच. वर्षातला जवळजवळ सगळा काळ जमिनीखाली अन् वर यायचं ते फक्त पाऊस बोलावतो तेव्हा.

दुपारी झोपलो. संध्याकाळी आतेभावाचा फोन, दादा इकडे धो धो पडून राह्यलं, नाल्याला पूर आला, लाइट गेली. भाची बॅग घेऊन दारात उभी. निघालो, कामठी रोडला नेहमीचा जाम, कन्हानच्या पुलावरून पुढे गेलो तसा वारा थंड लागायला लागला, मनसरला उजवीकडे वळलो तर रस्त्यावर गाडीच्या लाइटमध्ये पंखवाली वाळवी इतकी की काच पुसायला थांबावं लागलं. भाची एकदम खूश, म्हणे मामा हेच पाहिजे होतं, जेवण हजर आहे म्हणजे उद्या जेवणारे पण येतील.

आत्याने रात्री कंदिलाच्या उजेडात गोळाभात वाढला, वरून फोडणीचं तेल. विषय सांगितला तर ती म्हणे, मिरगाचा किडा पाहायला कोणी नागपूरहून येते का रे बाबा, इथे आमच्या पायाखाली यायचे. यायचे म्हणाली, येतात नाही म्हणाली, हे भाचीने बरोबर टिपलं.

रविवार

सकाळी सहाला निघालो तेव्हा आभाळ मोकळं होतं पण ऊन नव्हतं, माती ओली गच्च. रामटेकची टेकडी मागे दिसत होती, गडमंदिर धुक्यात. ह्याच टेकडीला मेघदूतातला रामगिरी मानतात अन् वर कालिदास स्मारक आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण कालिदासाच्या नावावरच्या ऋतुसंहारात पावसाळ्याच्या सर्गात हे इंद्रगोप पण आलेले आहेत, हिरव्या कोंबांसोबत जमिनीने घातलेले दागिने म्हणून. म्हणजे दीडेक हजार वर्षांपूर्वी पावसाचं वर्णन करायचं तर हा किडा घ्यावाच लागायचा, इतका कॉमन होता. आता पावसाच्या कवितेत छत्री अन् चहा.

आधी आतेभावाच्या वावरात गेलो. अर्ध्यात धानाच्या बांध्या, तिथे पाणी भरलेलं, तिथे प्रश्नच नाही. उरलेल्यात पऱ्हाटी म्हणजे कापूस लावायचा म्हणून जमीन तयार करून ठेवलेली, उन्हाळ्यात नांगरटी, मग रोटावेटर, एकदम भुसभुशीत. भाचीने दोरीचा चौकोन केला होता, मीटर बाय मीटर, तो टाकायचा अन् आतलं सगळं बघायचं. वावरात जागा बदलून बदलून टाकला, शून्य. गांडूळं होती, एक गोम होती, लाल काही नाही.

मग धुऱ्यावर. दोन वावरांच्या मधला गवताचा पट्टा, तिथे बोरीच्या झुडपाखाली पहिला सापडला. भाची ओरडली नाही, नुसतं माझं मनगट पकडलं, इतकं घट्ट की वळ उठला.

पोटावर झोपून भिंगातून पाहिला. उघड्या डोळ्यांना जो नुसता लाल गोळा दिसतो तो भिंगात वेगळाच असतो. पाठीवर खळगे असतात, मागची बाजू थोडी निमुळती, अन् केस इतके दाट की चिखलात चालून राहिला पण अंगावर मातीचा कण नाही, पाण्याचा थेंब पडला तो तसाच घरंगळून गेला. पुढचे दोन पाय चालायला कमी अन् चाचपायला जास्त, एक उचलणार, माती ठोकून बघणार, मग दुसरा. डोळे छोट्या दांड्यांवर बसवलेले. काडीने हळूच हात लावला तर आठही पाय पोटाखाली घेऊन मेल्याचं सोंग. आम्ही श्वास रोखून बसलो, मिनिटभराने एक पाय बाहेर, मग दुसरा, मग चालू पडला.

इतका लाल असून याला कोणी खात कसं नाही हा प्रश्न मला पडलाच. तर तो लाल असतो ते त्याच्यासाठीच, चवीला घाण असतो, ज्याने एकदा तोंडात घेतला तो थुंकतो अन् पुढच्या वेळेस लाल रंग दिसला की सोडून देतो. दिवसाढवळ्या उघड्यावर असा आरामात फिरतो तो ह्याच भरवशावर. फक्त माणसाला ही चव लागू नाही, ते पुढे येतेच.

धुऱ्यावर अजून थोडे दिसले, पण धुरा संपत आला तसं गवत पिवळं जळालेलं. आतेभाऊ म्हणे तणनाशक मारलं, मजूर भेटत नाही निंदायला, काय करू. अन् पऱ्हाटीची सरकी तर पाकिटातूनच औषध चोळून येते, रंगीत. त्याला आम्ही काही बोललो नाही. त्याचंही काही चूक नाही, मृग लागला की त्याला पेरणी साधायची असते, चार दिवस उशीर झाला तर वर्ष हातचं जाते. पण गंमत बघा, जमिनीला वाफसा आला, म्हणजे पेरण्याजोगी ओल झाली, की पेरायची तिफण वावरात घालायची ते दिवस अन् हा प्राणी वर यायचे ते दिवस तेच. बाकी वर्षभर दोघांची गाठ पडत नाही.

तिथून नाल्याच्या पलीकडे झुडपी जंगलात गेलो. नागपूरकडच्या लोकांना झुडपी जंगल माहीत असेल, नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर अन् गडचिरोली ह्या सहा जिल्ह्यांत महसूल खात्याच्या कागदावर अशी जमीन आहे, ८६ हजार हेक्टरच्या वर. पळस, बोर, हिवर अन् दगड, ढोरं चारायची जागा. ही जंगल की नाही यावर वर्षानुवर्षं भांडण चाललं अन् मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वनच समजायचं. ज्याला त्याला ती पडीक वाटते. पण कधी नांगर लागलेला नाही हाच तिचा गुण.

नाल्याच्या काठाला रेताड मुरमाड उतार, तरोटा नुकताच उगवून राहिला, अन् तिथे ते होते. एक दिसला, मग त्याच्या मागे एक, मग नजर बसली तसे सगळीकडेच. पाय कुठे ठेवायचा कळेना. भाचीने चौकोन टाकला, एकात अकरा, पुढच्यात सात, मग एकात चौदा. वही भिजून राहिली तरी लिहिणं चालू.

तिथे दोन गोष्टी जवळून बघायला मिळाल्या त्या सांगतो.

एक, जेवण. रात्रीच्या वाळवीतली काही पंख गळालेली मातीवर फिरत होती, जोड्याजोड्याने. एका किड्याने चाचपता चाचपता पुढचा पाय वाळवीला लावला अन् एकदम तिच्यावर चढला. पळापळ काही नाही. तोंडाशी आकड्यासारखे दोन बारीक जबडे असतात ते खुपसले, अन् तिथेच बसून राहिला. चघळत नाही तो, आतलं पिऊन घेतो. घड्याळ लावून बघितलं नाही पण आमचा डब्यातला पराठा खाऊन झाला तरी त्याचं चालू होतं. शेवटी वाळवीचं नुसतं टरफल सोडून पुढे.

दुसरं, लग्न. एक थोडा लहान, एक मोठा, दोघं एकमेकांभोवती गोल फिरून राहिले. मला वाटलं भांडतात. भाची म्हणे मामा हलू नका. ह्यांच्यात नर अन् मादी एकमेकांना चिकटत नाहीत, नर जमिनीवर बारीक दांड्यांवर शुक्राचे थेंब लावून ठेवतो, त्याच्या आजूबाजूला रेशमासारखे धागे सोडतो वाट दाखवायला, अन् मादीला आवडलं तर ती त्याच्यावरून जाऊन ते उचलून घेते. नाही आवडलं तर निघून जाते. धागे भिंगातून पण मला दिसले नाहीत, चष्मा बदलायला आलाय, तिला दिसले. मोठी मादी दोन फेऱ्या मारून चालली गेली. बिचारा.

पुढचं सगळं मातीत चालतं. मादी जमिनीत अंडी घालते, त्यातून निघतात त्या पिल्लांना पाय सहाच असतात अन् ती आईबापांसारखी शिकारी नसतात, परजीवी असतात. गवतावर चढून नाकतोडा किंवा दुसरा कीटक गाठायचा, पंखाच्या मुळाशी चिकटून त्याचं रक्त प्यायचं, पोट भरलं की जमिनीवर पडायचं. नाकतोड्याच्या पंखाखाली लाल मोहरीएवढे दाणे पाहिले असतील तर ती ही पोरं किंवा यांचेच भाऊबंद. मग मातीत एक अवस्था निजायची, हात नाही पाय नाही, मग उठून आठ पायांची, मग परत निजायची, मग मोठा. म्हणजे याला जगायला नुसती माती पुरत नाही, वर गवत पाहिजे, गवतात नाकतोडे पाहिजे, खाली वाळवी पाहिजे, अन् हे सगळं होईस्तोवर ती माती कोणी उलटीपालटी करायला नको. धुऱ्यावर होते अन् वावरात नव्हते ते काहून, हे मला तिथे बसल्या बसल्या समजलं.

ढोरं घेऊन एक बाबाजी आले. म्हणाले, यंदा बरे आहेत, पर पहिले या पुऱ्या आखरावर लाल दिसे. आम्ही विचारलं लोक नेतात का? तर म्हणे नेतात ना, एक मोटरसायकलवाला येते, पोरं गोळा करून देतात त्याला. अन् खरंच थोड्या वेळाने दोन पोरं आली, दहाबारा वर्षांची, हातात पाण्याची प्लास्टिकची बाटली, तळाला बोटभर लाल. जिवंतच, एकमेकांवर चढून राहिलेले. भाचीने विचारलं काय करता रे याचं? तेल बनते, लकव्यावर चालते. दुसरा लाजून हसला, म्हणजे दुसरा उपयोग पण त्याला ठाऊक होता. मर्दानगीच्या तेलात ह्यांना उकळतात हे आपल्याकडे भिंतीवरच्या जाहिराती वाचणाऱ्या सगळ्यांनाच माहीत आहे.

पोरांवर राग काढून काय फायदा, वह्यापुस्तकाचे पैसे सुटतात त्यांचे. पण हिशोब वाईट आहे. जमिनीखाली असताना याला कोणी शोधू शकत नाही. वर येतो तो खायला अन् अंडी घालण्याची तयारी करायला, अन् नेमका तेव्हाच उचलला तर त्या वर्षीची अंडी पण बाटलीत गेली. बोरं तोडली तर झाड राहते, इथे झाडच चाललं. अन् कोणी किती नेतं त्याची मोजदाद नाही, धोक्यातल्या प्राण्यांची ती जागतिक रेड लिस्ट असते ना, वाघ माळढोकवाली, त्यात याचं नावही नाही, कारण नाव यायला आधी कोणीतरी मोजायला पाहिजे. भाचीचा दोरीचा चौकोन बघून मला आधी हसू येऊन राहिलं होतं, तिथे बंद झालं.

भाचीने पोरांना भिंग दिलं. आधी नको नको केलं, मग एकाने पाहिलं, मग दोघांचं भांडण, मला मला. वाळवी पिणारा दाखवला तर मोठा म्हणे, अबे हा तं रक्त पिते! बाटली त्यांनी काही रिकामी केली नाही. त्यातल्या मोठ्याने मात्र आम्हाला नाल्याच्या वरच्या अंगाची अजून एक जागा दाखवली, तिथे त्याच्या मते जास्त असतात, अन् होते.

साडेदहाला ऊन पडलं. अर्ध्या तासात सगळं साफ. काही पाल्याखाली गेले, काही पुढच्या पायांनी माती उकरून सरळ खाली, आमच्या समोर एक गेला, आधी तोंड, मग निम्मा, मग वर नुसती ओल्या मातीची गोळी. अकराला कोणी आलं असतं तर म्हणालं असतं इथे काहीच नाही.

दुपारी खिंडसी तलावावर भेळ खाल्ली, बोटिंगवाल्यांची गर्दी, रविवार ना. परत येताना झोप येत होती म्हणून मनसरला चहा.

सोमवार

मी हाफ डे टाकला कारण भाचीला इतवारीत जायचं होतं. जडीबुटीच्या दुकानांची ती गल्ली, हळद, शिकेकाई, लोभान यांचा वास. दुकानाचं नाव कशाला घ्यायचं, मागितलं की बऱ्याच ठिकाणी भेटतं. आम्ही विचारलं, बीरबहूटी आहे का? त्याने माझ्याकडे बघितलं, मग भाचीकडे बघितलं, मग परत माझ्याकडे, अन् आवाज बारीक करून म्हणाला, आहे ना साहेब. मला जमिनीत गडप व्हावं वाटलं. भाची म्हणे दाखवा.

झिपवाल्या पिशवीत सुकलेले. रंग उडून तपकिरी विटकरी झालेला, केस चिकटलेले, पाय बरेचसे तुटून तळाला भुसा झालेला. कालचे ते हेच, हे सांगूनही पटलं नसतं. तोळ्यावर विकतो म्हणाला, कुठून येतं विचारलं तर छत्तीसगडकडून, थोडा इकडचा माल पण. भाचीने विचारलं याने खरंच काही होतं का हो काका? तो म्हणे लोक नेतात ताई, आपण नाही म्हणून कसं चालणार. मग तिने त्याला सहा पायांची पोरं, नाकतोडे, दांड्यावरचे थेंब असं सगळं ऐकवलं, गिऱ्हाईक थांबलेलं तरी. त्याने ऐकून घेतलं, खोटं काहून बोलू. शेवटी म्हणाला, हे पाला नाही खात? आम्ही तं लहानपणी पाला टाकायचो.

आता ऑगस्टात गवत कमरेला आलं की परत जायचं ठरलंय, नाकतोडे पकडून पंखाखाली पोरं चिकटलीत का ते बघायला. त्यासाठी जाळी शिवायचं काम बायकोकडे आलंय, जुन्या मच्छरदाणीची. आत्याचा निरोप आहे की याल तेव्हा संत्रा बर्फी आणा, अन् आतेभावाने सांगितलं की नाल्याकडच्या धुऱ्यावर यंदा फवारणी राहून गेली, वेळच नाही भेटला, तर तिकडे पण चौकोन टाकून घ्या.